आमदाराचा आठवडा आणि प्रश्नाचा तास

आमदाराने आठवडाभर नेमके काय करावे, याविषयी आपल्याकडे दोन ठाम मते प्रचलित आहेत आणि मला ती दोन्ही अपुरी वाटतात. पहिले मत सुशिक्षित शहरी वर्तुळातले. त्यानुसार आमदाराचे काम कायदे करणे. गटार, नळ, बदली, दाखला असल्या कामांसाठी नगरसेवक आणि तलाठी आहेत. दुसरे मत मतदारसंघातले. जो फोन उचलतो, दशक्रियेला येतो आणि तहसीलदाराला चार शब्द सुनावतो, तोच खरा आमदार. आजचा थ्रेड या दोन मतांच्या मधल्या जागेविषयी आहे. त्यासाठी १८६१ पर्यंत मागे जावे लागेल, त्यामुळे तो थोडा लांबेल.

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टनुसार मुंबईत कायदेमंडळ आले खरे, पण सभासदांनी समोर आलेल्या मसुद्यापलीकडे बोलायचे नाही, असा दंडक होता. सरकारला एखादी गोष्ट विचारणे त्यांच्या अधिकारात नव्हते. रयतेचे गाऱ्हाणे सरकारपर्यंत जायचे ते अर्जाच्या रूपाने. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे धाडली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले आहे. तो उद्योग मोठा होता, पण त्याचे स्वरूप अखेर विनंतीचेच होते. अर्जाला उत्तर द्यायचे की नाही हे सरकार ठरवी, आणि दिलेच तर ते अर्जदारापुरते असे.

१८९२ च्या कायद्याने या व्यवस्थेला एक बारीकशी फट पाडली. सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली, मतदानाची मिळाली नाही. निवडणूक होती तीही आडवळणाची, नगरपालिका, लोकल बोर्डे आणि विद्यापीठ यांच्यामार्फत. मात्र आगाऊ सूचना देऊन सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. अटी जाचक होत्या. प्रश्न निव्वळ माहिती मागणारा हवा, त्यात युक्तिवाद नको, अध्यक्ष तो नाकारू शकत आणि उत्तरावर चर्चा करता येत नसे. तरीही क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आपल्या प्रतिनिधींना सरकारच्या खर्चावर मत देण्याच्या कितीतरी आधी सरकारला प्रश्न विचारता आला.

१९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारू दिला. १९१९ च्या कायद्याने आलेल्या नव्या कायदेमंडळांत तो कोणत्याही सभासदाला विचारता येऊ लागला. नियमावलीतला हा बदल वरवर कारकुनी वाटतो. माझ्या मते प्रश्नोत्तराच्या तासाचा खरा जन्म इथे झाला. लेखी उत्तर खात्यातला अधिकारी तयार करतो. उपप्रश्नाला मात्र मंत्र्याला उभे राहून, तिथल्या तिथे आणि सर्वांदेखत तोंड द्यावे लागते.

आता मुंबई कायदेमंडळातलेच एक उदाहरण. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, ही तक्रार गावपातळीवरचीच. तलाठी-पाटलाकडे ती शतकभर नेली असती तरी सुटली नसती, कारण अडवणारे हात बहुधा तिथलेच होते. ठरावानंतर सरकारी आदेश निघाला. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपली तळी खुली केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला. १९२६ मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला. अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिकांचे व लोकल बोर्डांचे अनुदान रोखा, असा त्याचा रोख होता. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, तेव्हा सरकारचा आदेश आणि नगरपालिकेचा ठराव त्यांच्या बाजूने उभा होता. ठरावाने पाणी मिळाले नाही, हे खरेच. परंतु या पाण्यावर आमचा हक्क सरकारनेही मान्य केला आहे, असे म्हणण्याची सोय त्या नोंदीने केली.

बाबासाहेबांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९३७ मध्ये ते मुंबईच्या भायखळा-परळ भागातून निवडून आले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांनी खोती रद्द करणारे विधेयक मांडले. खोती कोकणातली, मतदारसंघ गिरणगावाच्या चाळींतला. विसंगती वाटते ना? पण त्या चाळींतून राहणारे असंख्य गिरणी कामगार रत्नागिरीकडचे होते. त्यांच्या गावाकडच्या घरावर खोताचे ओझे होते आणि पगारातला वाटा तिकडे जात होता. मतदाराचे गाऱ्हाणे त्याच्या मतदान केंद्रापाशी संपत नाही, हे ओळखणारा हा प्रतिनिधी होता. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. महार वतनासंबंधीचे त्यांचे विधेयक १९२८ चे. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. तीस वर्षे!

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातले उदाहरण द्यायचे तर वि. स. पागे यांचे द्यावे लागेल. विधान परिषदेचे हे सभापती तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. तिथल्या भूमिहीनांना काम हवे होते. १९६५ च्या सुमारास त्याच परिसरात छोटा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली आणि पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. पगारपत्रकावरची ती कपात आजही चालू आहे, तिचा उगम मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो. पाग्यांनी त्या काळी आपल्या गावातल्या पन्नास जणांना शिफारसपत्रे देऊन कुठेतरी चिकटवले असते, तर त्या पन्नास घरांनी त्यांचा फोटो भिंतीवर लावला असता आणि गोष्ट तिथेच थांबली असती.

सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचा उल्लेख टाळता येत नाही. १९६२ पासून अकरा वेळा ते निवडून आले. त्यांच्या एसटी प्रवासाचे कौतुक सगळे करतात. मला त्यापेक्षा दुष्काळी तालुक्यांच्या पाण्याचा प्रश्न दशकानुदशके सभागृहात आणि आटपाडीच्या पाणी परिषदांतून लावून धरण्याचे त्यांचे सातत्य अधिक मोलाचे वाटते. साधेपणाच्या कथा समाजमाध्यमांवर चटकन पसरतात, सिंचनाच्या चर्चा पसरत नाहीत, त्याला इलाज नाही.

मग बिघडले कुठे? माझे मत असे की आमदार मतदारांची कामे करतो यात काहीच बिघडलेले नाही. बिघाड आहे तो ती कामे नोंदीशिवाय होण्यात. आमदाराचा आजचा आठवडा पाहा. शनिवार-रविवार मतदारसंघ, लग्ने, सांत्वनभेटी, बंगल्यावरचा जनता दरबार. मग मुंबई गाठून मंत्रालयाचे मजले, हातात लेटरहेडवरची पत्रे. या पत्रांतून काम झाले तर आमदाराचे उपकार होतात आणि न झाले तर कुठेही माग उरत नाही. १८९२ पूर्वीचा अर्जदार आणि आजचा दरबारातला माणूस यांच्यात मग फारसा फरक राहत नाही.

यात एक ऐतिहासिक विरोधाभासही दडलेला आहे. १९९३ च्या एप्रिल आणि जून महिन्यांत ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली, म्हणजे रस्ते-नळ-गटारांसाठी स्थानिक संस्थांना घटनात्मक बळ मिळाले. आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना सुरू झाली! एका हाताने नगरसेवक-सरपंचाला अधिकार दिले आणि दुसऱ्या हाताने तीच कामे खासदाराच्या निधीला जोडली. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर पुढची कित्येक वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला, तेव्हा साध्या तुंबलेल्या नाल्यासाठीही लोक आमदाराच्या दारात गेले, यात त्यांना दोष कसा द्यायचा?

याउलट प्रश्नाचे मोल किती कमी मानले जाते, ते २०२० च्या सप्टेंबरमध्ये दिसले. साथीचे कारण देऊन संसदेच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला. लेखी उत्तरे चालू होती, असा खुलासा झाला. पण वर म्हटल्याप्रमाणे सारे मर्म उपप्रश्नात असते आणि नेमका तोच गेला.

एक आक्षेप मी मान्य करतो. विधवा पेन्शन अडलेल्या बाईने अधिवेशनाची वाट पाहावी, असे कोणी म्हणू शकत नाही. तिच्यासाठी फोन करावाच लागतो, पत्र द्यावेच लागते. परंतु त्याच तालुक्यातून तशी चाळीस पत्रे गेली असतील, तर ती चाळीस वेगवेगळी दुर्दैवे राहत नाहीत. तालुक्यात किती अर्ज, किती महिने, कोणत्या कारणाने प्रलंबित आहेत, असा तारांकित प्रश्न त्यातून उभा राहतो. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिले तर ते शासकीय आश्वासन समितीपुढे जाते आणि समिती त्याचा पाठपुरावा करते. पत्राला असा पाठपुरावा करणारे कोणी नसते.

तेव्हा पुढच्या वेळी आमदाराच्या कार्यालयात निवेदन घेऊन जाल, तेव्हा खाली एक ओळ वाढवा: ‘सदर विषयावर येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारावा आणि त्याच्या उत्तराची प्रत आम्हांस द्यावी.’ निवेदनाची पोच मात्र शिक्क्यासह घ्या.