माश्या आणि डी. डी. टी.

१९३९ साली स्वित्झर्लंडमधील पॉल म्यूलर यांनी डी. डी. टी.चा कीटकनाशक गुण शोधून काढला. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तत्पूर्वीच स्वीडन व इटली येथील माश्या या विषाला दाद देईनाशा झाल्या होत्या!

माश्यांना विषाची सवय झाली, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. असंख्य माश्यांतील एखादीच्याच अंगी विष निष्प्रभ करण्याची शक्ती जन्मतः असते. फवारणीत इतर मरतात, ती उरते आणि तिचा गुण संततीत उतरतो. दोष आहे तो माणसाच्या उतावळेपणाचा. आधी उकिरडे नाहीसे करावेत. विष बेतानेच वापरावे. नाहीतर चिवट माश्यांची निपज आपणच आपल्या हातांनी करू.