टिटवीचा फोटो कसा काढावा?

मे महिन्यात मुळशी धरणाचे पाणी ओसरले, की उघड्या काठावर टिटवी हमखास भेटते. डोळ्यापुढे लाल कल्ला, पाय लांब नि पिवळे, ओळखायला सोपी. पण फोटोसाठी तिच्याजवळ जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंडी जमिनीवरच्या उथळ खळग्यात असतात. उन्हात ती पोटाची पिसे भिजवून येते व अंडी गार ठेवते. तुम्ही तिथे उभे राहिलात, की ती ओरडत घिरट्या घालते आणि अंडी तापत राहतात. (मीही एकदा हा मूर्खपणा केला, फोटोत आली नुसती शेपटी!) शिवाय दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवेची घनता सारखी बदलते, प्रकाशकिरण वाकतात, चित्र थरथरते. मोठे भिंग ती थरथरही मोठी करते. तेव्हा सकाळी सातलाच जा, आणि मोटारीतून न उतरता फोटो घ्या.