मेण रंगवायला नंतर शिकवा, विझवायला आधी

विहारात आता साध्या उभ्या मेणबत्तीच्या जागी ग्लासातली मेणबत्ती दिसू लागली आहे. वंदना चालू असताना मेण ओघळून चादरीवर पडत नाही, पंख्याच्या वाऱ्याने ज्योत लगेच विझत नाही, म्हणून ती लोकांना आवडते. बुद्धपौर्णिमा, १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन अशा दिवसांना मागणी वाढते आणि बचत गटातल्या भगिनी त्या घरीच तयार करतात. त्यांच्या हाती चार पैसे येतात याचा आम्हाला आनंदच आहे. पण हे काम शिकवताना रंग, सुगंध, पॅकिंग आणि नफा यांवर तास न् तास बोलायचे आणि आगीबद्दल जाता जाता 'जरा सांभाळून' एवढेच म्हणायचे, ही पद्धत आम्हाला साफ अमान्य आहे.

पॅराफिन मेण हा पेट्रोलियमचा पदार्थ आहे. साठ अंशांच्या आसपास ते वितळते आणि पाण्यासारखे निरुपद्रवी दिसू लागते. घोटाळा इथेच होतो. दूध तापले की वर येते, पाणी उकळले की आवाज करते. मेण तसा काहीच इशारा देत नाही. गॅसवर थेट ठेवलेल्या पातेल्यात ते निमूट तापत राहते, मग धूर सोडते आणि सुमारे दोनशे अंशांच्या पुढे गेले की त्याची वाफ पेट घेऊ शकते. शेजारणीशी दोन शब्द बोलून येईपर्यंत हे घडू शकते.

म्हणून मेण कधीही थेट आचेवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी घ्यावे आणि त्यात मेणाचे भांडे ठेवावे. पाणी शंभर अंशांपलीकडे तापत नाही, त्यामुळे मेणही तापत नाही. मात्र बाहेरचे पाणी आटले तर हा बचाव संपला, म्हणून ते पुन्हा पुन्हा पाहावे लागते. इंडक्शनची शेगडी असली तरी नियम हाच. थर्मामीटर महाग नसतो, गटाने एक तरी घ्यावा.

आणि झाकण. भांड्यावर घट्ट बसेल असे झाकण किंवा त्याहून मोठे सपाट ताट हाताशी ठेवल्याशिवाय गॅस पेटवूच नये. मेण पेटलेच तर गॅस बंद करावा, झाकण बाजूने सरकवत ठेवावे आणि भांडे पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये, हलवू नये. पाणी तर मुळीच टाकू नये. पेटत्या मेणात पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती शेकडो पटींनी फुगते आणि जळते मेण छतापर्यंत उडवते. आग दिसली की पाणी ओतायचे हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यामुळे उलटे वागणे फक्त ऐकून जमत नाही, झाकण सरकवण्याचा सराव हाताने करून घ्यावा लागतो. झाकण ठेवणे शक्य नसेल तर सगळ्यांनी बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे आणि १०१ ला फोन करावा.

पॅराफिन विषारी आणि सोयाचे मेण आरोग्यदायी, अशी जाहिरात हल्ली फार चालते. काजळी कुठल्याही मेणाची होते. वात जाड किंवा लांब असली की ज्योत मोठी होते, धूर वाढतो, काचही जास्त तापते. पेटवण्यापूर्वी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापावी. घरात दम्याचा रुग्ण असेल तर खिडकी उघडी ठेवावी, सुगंध टाळावा. महाग मेण घेण्यापेक्षा याचा उपयोग अधिक.

ग्लास जाड बुडाचा, कोरडा आणि तडा नसलेला हवा. करवंटीतली मेणबत्ती फोटोत सुंदर दिसते, पण करवंटी स्वतःच जळते. मेणावर वाळलेल्या पाकळ्या किंवा चमकी पेरणेही तसेच, वातीजवळ आल्या की त्या पेट घेतात. प्रत्येक नव्या प्रकारातली एक मेणबत्ती समोर बसून शेवटपर्यंत जाळून पाहावी, मगच विकावी. तळाशी सेंटीमीटरभर मेण उरले की ती विझवायची, हे घेणाऱ्यालाही सांगावे. इथे आम्हाला विहार समित्यांनाही बोलायचे आहे. एका नगामागे दोन रुपये कमी करून घेतले की भगिनी पातळ काच आणतात. ती तडकली तर मेण आणि आग दोन्ही आपल्याच चादरीवर येणार.

८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या अनेक महिलांचा मृत्यू झाला. तिथे ठिणग्यांची दारू होती, साध्या मेणाची गोष्ट वेगळी आहे हे आम्ही जाणतो. पण मेणबत्तीचे काम म्हणजे बायकांचे हलके काम, ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे.

मेण अंगावर सांडले तर भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. पेटत्या मेणावर पाणी नको, भाजलेल्या अंगावर मात्र पाणीच हवे. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात. चिकटलेले मेण ओढून काढू नये, कातडी सोबत येते. हळद, टूथपेस्ट, बर्फ, शाई यांतले काहीही लावू नये. चेहरा, डोळे, हात भाजले असतील किंवा जखम तळहाताहून मोठी असेल तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. काम करताना नायलॉनची साडी नको, सुती कपडे घालावेत आणि पदर खोचून घ्यावा.

दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे पाळणा, अभ्यासाचे दप्तर आणि गॅसची शेगडी तीन हातांच्या आत असतात, तिथे हे काम होऊ नये असे आमचे मत आहे. बहुतेक विहारांना अंगण किंवा शेड असते. सणाआधीच्या दोन-तीन रविवारी ती जागा गटाला मोफत द्यावी, एका उपासिकेकडे फक्त भांड्यावर लक्ष ठेवण्याचे काम असावे आणि मुलांना आतल्या सभागृहात बसवावे.