कर घटला, जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा क्लच आता बदलावा का?

वस्तू व सेवा कराचे म्हणजे जीएसटीचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, याची गावोगावी चर्चा झाली. त्याच निर्णयात ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि बरेच सुटे भाग १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, हे मात्र अनेकांच्या लक्षात आले नाही. क्लच असेंब्ली आणि तिचे भाग या यादीत आहेत.

ज्या शेतकऱ्याकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा १८ ते ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे, त्याच्यासाठी हा दुसरा बदल जास्त कामाचा आहे. यांत्रिकीकरण योजनेतील अनुदान नव्या यंत्राच्या खरेदीला मिळते. जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा खर्च शेतकऱ्याला खिशातूनच करावा लागतो. त्यामुळे ‘आता स्वस्त झालाय तर क्लच टाकून घेऊ का?’ असा प्रश्न विचारला जातो. याचे उत्तर ट्रॅक्टरच्या वयावर नाही, तर क्लचने आजवर केलेल्या कामावर अवलंबून आहे.

जुना ट्रॅक्टर ठेवण्यात अर्थ आहे का?

दहा वर्षांनंतर ट्रॅक्टर भंगारात काढावा लागतो, अशी अफवा मध्यंतरी पसरली होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये त्याबाबत खुलासा केला. शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन असून त्याची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. म्हणजे इंजिन, गिअर बॉक्स आणि कागदपत्रे ठीक असतील तर जुना छोटा ट्रॅक्टर पुढेही चालवता येतो. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत फवारणीला, दोन ओळींतील मशागतीला किंवा चार-पाच एकरांच्या पाळीला तो पुरेसा असतो. क्लचवरचा खर्च याच हिशेबात बसवून पाहावा.

मूळ क्लच किती टिकतो?

क्लच प्लेट झिजते ती घसरताना. पेडल पूर्ण सोडल्यावर प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट धरलेली असते. तेव्हा प्लेट घसरत नाही आणि झीजही जवळपास नसते. पेडल दाबताना-सोडताना, हाफ क्लचवर ट्रॅक्टर धरताना आणि ताकदीबाहेरचे ओझे ओढताना प्लेट घसरते.

घसरण किती महागात पडते, ते पाहा. २५ अश्वशक्ती म्हणजे साधारण १८.५ किलोवॅट. इंजिन पूर्ण ताकदीवर असताना क्लच फक्त १० टक्के घसरला, तरी सुमारे १.८५ किलोवॅट उष्णता प्लेटवर तयार होते. पाणी तापवायच्या घरगुती रॉडपेक्षा ही जास्त आहे. एवढी उष्णता बंद हाउसिंगमध्ये काही मिनिटे राहिली तर अस्तर जळते, प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगांचा ताण कमी होतो आणि घसरण आणखी वाढते. म्हणून वीस वर्षे टिकलेली प्लेट एका दुपारीही जाऊ शकते.

कामाच्या प्रकारानुसार मूळ दर्जाच्या क्लच प्लेटचे आयुष्य ढोबळमानाने असे धरता येते. हे काटेकोर आकडे नव्हेत, अंदाजाची पट्टी आहे.

- स्वतःच्या शेतातील पाळी, पेरणी, फवारणी, हलकी वाहतूक आणि एकच सरावलेला चालक : ३००० तास किंवा त्याहून अधिक.
- भाड्याने नांगरणी व रोटाव्हेटर, चालक बदलते : १५०० ते २५०० तास.
- ऊस वाहतूक, चढाचे रस्ते, चिखलणी, सतत मागे-पुढे करण्याचे काम : १००० तासांच्या आसपास, कधी त्याहून कमी.

आता हे वर्षांत मांडू. वर्षाला १२५ तास चालणारा घरचा ट्रॅक्टर २४ वर्षांत ३००० तास पूर्ण करतो. नव्वदच्या दशकातील एखाद्या ट्रॅक्टरवर अजून कारखान्यातून आलेली प्लेट सापडते, ती यामुळेच. उलट दोन गाड्यांचा अंगद किंवा जुगाड जोडून हंगामभर ऊस ओढणारा छोटा ट्रॅक्टर एक-दोन गाळप हंगामांतच क्लचला येतो. दोन्हींचे मॉडेल एकच असू शकते.

जुन्या ट्रॅक्टरचे आवरमीटर बहुधा बंद असते. अशा वेळी डिझेलवरून तास काढावेत. २५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मिश्र कामात तासाला साधारण अडीच ते तीन लिटर डिझेल लागते. वर्षाला ६०० लिटर खर्च होत असेल, तर तो २०० ते २४० तास चालला असे समजावे.

करकपातीने नेमके काय बदलले?

समजा, क्लच प्लेट व प्रेशर प्लेटच्या मूळ संचाची करापूर्वीची किंमत ८००० रुपये आहे. पूर्वी १८ टक्के करासह तो ९४४० रुपयांना पडत होता. आता ५ टक्के करासह ८४०० रुपयांना पडेल. बचत १०४० रुपये. एवढ्या बचतीसाठी चांगला चालणारा क्लच काढणे परवडणारे नाही, कारण तो बदलायला ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागतो. मजुरी जाते आणि ट्रॅक्टर किमान एक-दोन दिवस उभा राहतो.

खरा बदल वेगळा आहे. बिलाशिवाय विकल्या जाणाऱ्या बनावट मालाला पूर्वी कराचीच १८ टक्क्यांची सवलत मिळत होती. आता ती ५ टक्क्यांवर आली. म्हणजे पक्क्या बिलाचा माल आणि कच्च्या चिठ्ठीचा माल यांतील अंतर कमी झाले.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. मूळ संच ८४०० रुपये, मजुरी ३००० रुपये आणि आयुष्य २५०० तास धरले, तर खर्च तासाला ४ रुपये ५६ पैसे येतो. बनावट संच ५००० रुपये, मजुरी तीच ३००० रुपये आणि आयुष्य १००० तास धरले, तर तासाला ८ रुपये. बनावट संच परवडायचा असेल, तर तो साडेसतराशे तासांहून जास्त टिकायला हवा. आपल्या गावातील दर आणि मजुरी घालून हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. त्यात पेरणीच्या तोंडावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचे नुकसान धरलेले नाही. वापसा आला आणि दोन दिवसांत पुन्हा पाऊस झाला, तर ते नुकसान क्लचच्या किमतीपेक्षा मोठे असते.

‘मूळ’ म्हणजे कोणता?

बाजारात ढोबळपणे तीन प्रकारचा माल मिळतो. पहिला, ट्रॅक्टर कंपनीच्या पाकिटातील. दुसरा, क्लच बनवणाऱ्या नामांकित कंपनीच्या स्वतःच्या पाकिटातील. तिसरा, नावाशी मिळतेजुळते नाव छापलेला किंवा नावच नसलेला. बहुतेक ट्रॅक्टर कंपन्या क्लच बाहेरून घेतात. त्यामुळे दुसऱ्या प्रकारातील माल भाग क्रमांक जुळवून घेतला, तर तोही चांगली सेवा देतो. तिसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये.

भाग मिळण्याची स्थितीही मॉडेलनुसार वेगळी आहे. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफेकडे गेला आणि स्वराज २००७ मध्ये महिंद्राकडे. नाव चालू राहिल्याने या जुन्या ट्रॅक्टरना मागे आधार आहे. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्यामुळे एचएमटी २५११ सारख्या ट्रॅक्टरसाठी उरलेला जुना साठा किंवा क्लच कंपन्यांचा माल, हेच पर्याय राहतात. जुना साठा घेताना मधल्या खाचांवर गंज, अस्तराला तडे किंवा तेलाचे डाग नाहीत ना, हे पाहावे. ‘कंपनीचा जुना माल’ एवढ्यावर विसंबू नये.

मालकाला जुनी प्लेट काढून नमुन्यासाठी न्यावी लागते. तेव्हा बाहेरील व्यास, मधल्या खाचांची संख्या आणि स्प्रिंगांची रचना जुळवावी. ट्रॅक्टर सिंगल क्लचचा आहे की ड्युअल, हे आधीच विचारून घ्यावे. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार आलेले असू शकतात.

बदलण्याआधी काय तपासावे?

क्लच घसरतो असे वाटले की लगेच ट्रॅक्टर खोलू नये. पुढील क्रमाने पाहावे.

१. पेडलचा मोकळा प्रवास : पेडल हाताने दाबून पाहावे. सुरवातीला ते जड न लागता थोडे खाली जायला हवे. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरमध्ये हे अंतर २० ते ३० मिलिमीटर असते. आपल्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. प्लेट झिजत जाते तसे हे अंतर कमी होते. ते शून्यावर आले, की पेडलवर पाय नसतानाही क्लच घसरतो. अशा वेळी फक्त रॉड जुळवून काम भागू शकते.

२. घसरण : अवजार काढून मोकळ्या सपाट जागेत, पुढे-मागे कोणी नसताना ही चाचणी करावी. ब्रेक पक्का लावून वरचा गिअर टाकावा आणि मध्यम रेसवर पेडल हळूहळू सोडावे. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडते. इंजिन चालूच राहिले तर लगेच पेडल दाबावे. चाचणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केल्यास चांगली प्लेटही तापते.

३. आवाज : पेडल दाबताच घरघर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा.

४. गिअर टाकताना खरखर : मोकळा प्रवास जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. ट्रॅक्टर पावसाळाभर उभा असेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते.

५. तेल : क्लच हाउसिंगच्या तळाला लहान छिद्र असते. तेथून तेल टपकत असेल तर इंजिनचे मागील किंवा गिअर बॉक्सचे पुढील सील गेले आहे. सील न बदलता नवी प्लेट बसवली, तर तीही तेलाने भिजेल. काही ट्रॅक्टरमध्ये चिखलणीआधी हे छिद्र बंद करायचा स्क्रू येतो. काम संपल्यावर तो आठवणीने काढावा.

बदलायचाच असेल तर

- एकदा ट्रॅक्टर खोलला, की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग एकत्र तपासावे. केवळ प्लेट बदलून दोनशे रुपयांचे बेअरिंग तसेच ठेवल्यास सहा महिन्यांत पुन्हा तीच मजुरी द्यावी लागू शकते.
- फ्लायव्हीलवर निळे डाग, चरे किंवा तडे असतील तर तो लेथवर दाखवावा.
- प्रेशर प्लेटच्या सर्व फिंगरची उंची सारखी करून घ्यावी. ती कमी-जास्त राहिली तर क्लच धक्का देतो.
- जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरले जात असे. हाउसिंगमधील धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि मास्क वापरावा.
- पक्के बिल घ्यावे. क्लचच्या भागांवर ५ टक्केच कर लावला आहे का, ते पाहावे. पाकिटावर जुनी किंमत छापलेली असली तरी २२ सप्टेंबर २०२५ नंतरच्या विक्रीला नवाच दर लागू आहे. काही बेअरिंग आणि तेल-ग्रीस वेगळ्या करगटात येऊ शकतात, म्हणून बिल भागवार लिहून घ्यावे. जुन्या दराने कर घेतल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

आयुष्य वाढवणाऱ्या सवयी

सर्वांत स्वस्त क्लच म्हणजे पेडलवरून काढलेला पाय. काम चालू असताना पाय फळीवर ठेवावा. चढावर ट्रॅक्टर हाफ क्लचवर धरू नये, ब्रेक वापरावा. ओझे घेऊन निघताना खालचा गिअर टाकावा. अवजार जमिनीत अडकले तर क्लच मारून ते ओढण्याऐवजी उचलून घ्यावे. १८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मोठ्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर जोडू नये. ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभा राहणार असेल तर पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवावे, म्हणजे प्लेट चिकटत नाही.

कृषी सहायक आणि कृषी विज्ञान केंद्राच्या कार्यकर्त्यांनी खरीपपूर्व बैठकीत बियाणे-खतांबरोबर पेडलच्या मोकळ्या प्रवासाची तपासणीही दाखवावी. त्याला दहा मिनिटे आणि एक पट्टी पुरते. करकपातीमुळे मूळ दर्जाचा भाग घेणे सोपे झाले आहे. मात्र तो केव्हा घ्यायचा, हे दुकानातील दरावरून नव्हे, तर ही तपासणी करूनच ठरवावे. बदल गरजेचा दिसला, तर तो एप्रिल-मे महिन्यांतच उरकावा. मृगाच्या पावसानंतर मेकॅनिकच्या दारात रांग असते.