शक्ती नव्हे, ओळख

दिवाळी आली की आमच्या छत्रपती संभाजीनगरात फराळाच्या सामानाशेजारी ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा चिठ्ठीच्या बाटल्याही मांडलेल्या दिसतात. माझे भांडण बाटलीशी नाही. ‘वाढवा’ या शब्दाशी आहे.

शरीराचा बचाव म्हणजे काय पाण्याची टाकी आहे, की काठोकाठ भरली म्हणजे निर्धास्त व्हावे? त्वचा आणि नाकाघशाचा ओलसर पडदा ही पहिली तटबंदी. ती ओलांडून जंतू आत शिरला की काही श्वेतपेशी त्याला गाठून गिळतात. पण त्या नेमकी ओळख ठेवीत नाहीत. ओळख ठेवणाऱ्या पेशी निराळ्या. नव्या शत्रूला बेतलेली प्रतिपिंडे घडवायला त्यांना आठवडा-दोन आठवडे लागतात. दुसऱ्या खेपेस मात्र त्या चटकन सावध होतात. लस ही ओळख आगाऊ करून देते. तिचे सारे काम एवढेच.

देवगिरी तर आमच्या दाराशीच आहे. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा यादवांची मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर होती. किल्ला दुबळा नव्हता, वर्दी नव्हती. तट हातभर उंच केल्याने ती उणीव भरून निघाली असती काय?

आणि बचाव वाढला की हितच होते, हे तरी कोणी ठरवले? बचाव स्वकीयांवरच उलटला की सांधे सुजतात, मुलांना मधुमेह जडतो. माझे थोरले बंधू रोज काढा पीत. १ मार्च २०२१ पासून साठी उलटलेल्यांना लस मिळू लागली, दादा म्हणाले, “माझी प्रतिकारशक्ती दांडगी आहे.” एप्रिलात त्यांना इस्पितळात न्यावे लागले. तेथे त्यांना स्टेरॉइड दिले, म्हणजे बेफाम झालेल्या प्रतिकाराला वेसण घालणारे औषध. वर्षभर जिला चेतवण्याचा आम्ही खटाटोप केला, तिलाच आवरण्याची वेळ आली! दादा परतले नाहीत. लसीने ते खात्रीने वाचले असते, असे मी म्हणणार नाही. वाचण्याचा संभव पुष्कळ वाढला असता, एवढे म्हणेन. काढा मीच उकळीत असे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आमच्या जिल्हाधिकाऱ्यांना हुकूम काढावा लागला: लसीची एक तरी मात्रा घेतल्यावाचून पेट्रोल नाही, रेशन नाही. असली सक्ती मला रुचत नाही. पण ती ओढवून कोणी घेतली? १८९७ साली हाफकिनने मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याला सव्वाशे वर्षे होत आली, तरी आमच्यापैकी कित्येक जण रांगेत उभे राहिले ते पेट्रोलसाठी!

वाचकांनी बाटली खुशाल आणावी. चवीला वाईट नसते. पण यंदा फराळाला बसताना घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारावा: फ्लूची, न्यूमोनियाची लस घेतली का? मी तो दादांना वेळेवर, नेटाने विचारला नाही.