धावफलक आणि डफ



'सर्वांत थोर कोण?' या प्रश्नावर माणसे भांडू लागली म्हणजे त्यांना वेळकाळाचे भान राहत नाही. खुद्द प्रभूचे शिष्यही कफर्णहूमच्या वाटेवर याच वादात गुंतले होते. मग लालबर्रा येथील आमच्या अंगणात तो रंगला, तर नवल ते काय!

धानाची मळणी आटोपली होती. थंडीचे दिवस, शेकोटीभोवती आम्ही तिघे बसलो होतो. एक आमचे शेजारी, सेवानिवृत्त गुरुजी, आणि दुसरा त्यांचा भाचा, नागपुरास महाविद्यालयात शिकणारा. गुरुजी क्रिकेटचे भक्त. जुन्या सामन्यांच्या धावा त्यांना पाढ्यांसारख्या मुखोद्गत आहेत. भाच्याची आवड न्यारी. त्याच्या हातातील यंत्रात अमेरिकेतील रॅप नावाची गाणी वाजतात, आणि रात्री जागून तो तिकडचा बेसबॉलचा खेळ पाहतो. दोघांनी आम्हांला पंच नेमले, आणि पंचाची फजिती सुरू झाली.

"ही कसली रे गाणी?" गुरुजी म्हणाले. "धड चाल नाही की आलाप नाही. नुसती बडबड!"

"मामा, तुम्ही कलगी-तुऱ्याचे फड ऐकले आहेत ना?" भाचा नम्रपणे म्हणाला. "ते तरी दुसरे काय होते?"

हे उत्तर आम्हांला फार आवडले. तुरेवाल्यांनी शिवाचा पक्ष घ्यावा, कलगीवाल्यांनी शक्तीचा. एकाने भेदिक कवनातून कूट घालावे, दुसऱ्याने डफावर थाप मारून ते तिथल्या तिथे सोडवावे, आणि वर आपला सवाल टाकावा. शब्द अडला की फड गेला. रॅपची जातकुळी याहून फार दूरची नाही. त्याचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका मेळाव्यात झाला असे मानतात. जमैकातून आलेल्या क्लाइव्ह कॅम्बेल नावाच्या तरुणाने तेथे तबकड्या वाजविल्या. आणि मेळावा भरविला होता तो त्याच्या बहिणीने, शाळेसाठी नवे कपडे घेण्यास चार पैसे जमावेत म्हणून! पुढे तालावर यमके जुळवीत बोलणाऱ्यांचे तेथेही फड लागू लागले. १९८१ साली हार्लेम भागात कूल मो डी याने बिझी बी या नामांकित गड्याला भर सभेत निरुत्तर केले. त्या रात्रीची हकीकत आज सांगता येते, कारण तेथील आवाज ध्वनिफितीत उतरला होता आणि त्या फिती हातोहात फिरल्या. वाचकांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. आम्हांला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

मग वाद खेळाकडे वळला. भाच्याने बेसबॉलच्या वीरांची नावे घेतली, तेव्हा गुरुजींनी आपले दोन मोहरे पुढे केले. पहिले सी. के. नायडू. नागपुरास १८९५ साली जन्मलेले, म्हणजे आमच्या बालाघाटकरांच्या दृष्टीने जुन्या मध्यप्रांतातील घरचेच. १९२६ साली मुंबईस इंग्रज पाहुण्यांविरुद्ध त्यांनी १५३ धावा केल्या, त्यांत ११ षट्कार होते. आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे तेच कर्णधार. दुसरे विजय हजारे, सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातील. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे ब्रॅडमनच्या संघापुढे त्यांनी एकाच कसोटीत दोन शतके केली, ११६ व १४५.

आमचे मत विचाराल, तर सी. के. म्हणजे पोवाडा आणि हजारे म्हणजे ओवी. पोवाड्याने अंगावर काटा येतो. ओवीने दळण संपते. आमचा कौल ओवीला! ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल रागवावे. रसिकाच्या मताला पुरावा लागत नाही, हेच त्यातील सुख आहे.

परंतु बोलता बोलता गुरुजींनी एक आकडा सांगितला आणि आमच्या मनात निराळाच विचार आला. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यात हिंदू संघाविरुद्ध हजारे 'बाकीचे' या संघाकडून खेळले. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन यांचे संघ निराळे. ख्रिस्ती व इतर यांची मोट म्हणजे 'बाकीचे'! त्या संघाच्या दुसऱ्या डावात एकूण धावा ३८७, त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. त्याच डावात त्यांनी आपले बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी केली. त्या भागीत विवेक यांच्या धावा किती? अवघ्या २१. धावफलकावर ती केवळ एक लहानशी संख्या. पण दुसऱ्या टोकाला भाऊ खांबासारखा उभा राहिला नसता, तर ते ३०९ कोठून येते? म्हणजे फलक खोटे बोलत नाही. तो सगळे बोलत नाही, इतकेच.

काहींच्या बाबतीत तर फलकाला बोलूच दिले गेले नाही. पळवणकर बाळू हे १८७६ साली धारवाडास चांभार कुटुंबात जन्मले. पुण्यास मैदानाची देखभाल करता करता ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकू लागले, आणि पुढे हिंदू संघाचा आधारस्तंभ झाले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू चाले. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. आणि भारताची पहिली कसोटी झाली तेव्हा बाळूंची पन्नाशी उलटून गेली होती. 'कसोटी बळी किती?' असे विचाराल तर उत्तर शून्य. या शून्यावरून त्यांची थोरवी कोण मोजणार?

भाचा हे सारे लक्ष देऊन ऐकत होता. तो म्हणाला, "मामा, आमच्या बेसबॉलमध्ये जॉश गिब्सनचे हेच झाले." तिकडे कृष्णवर्णीयांना मुख्य संघांत मज्जाव होता, १९२० पासून त्यांचे सामनेमंडळ वेगळे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सनने ती भिंत ओलांडली. गिब्सन त्याच वर्षी जानेवारीत, पस्तिशीतच, वारला होता. मात्र पुढे अभ्यासकांनी जुन्या वर्तमानपत्रांतील धावफलक एक एक करून गोळा केले, आणि मे २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत नोंदीत घेण्यात आले. फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉबचे ०.३६७ कित्येक पिढ्या अग्रस्थानी होते. त्याच्या वर गिब्सनचे ०.३७२ जाऊन बसले. सत्त्याहत्तर वर्षांनी का होईना, न्याय झाला. कारण कोणीतरी त्या वेळी लिहून ठेवले होते.

यानंतर भाचा सहज म्हणाला, "मामा, आजोबा तुऱ्याचे शाहीर होते ना? त्यांचे एखादे कवन म्हणा की."

गुरुजींचे वडील डफ घेऊन गावोगाव फड गाजवीत, हे आम्हीही ऐकून होतो. गुरुजींनी घसा साफ केला. ध्रुपदाची एक ओळ आली, दुसरी अर्धी आली, आणि ते थांबले. पुन्हा आरंभ केला, पुन्हा तेथेच थांबले. शेकोटीतील लाकूड तेवढे तडतडत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हजाऱ्यांच्या धावांत माझी एकीची चूक होत नाही, आणि बापाचे चार चरण मला सापडत नाहीत."

त्या रात्री पंचाचा निकाल कोणी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा-भाचे पलीकडच्या गावी गेले. वडिलांच्या मागे झील धरणारे एक वृद्ध गृहस्थ तेथे आहेत. दृष्टी गेली आहे, आवाज कापतो. भाच्याने आपले यंत्र त्यांच्यापुढे धरले आणि गुरुजींनी वही उघडली. तीन फेऱ्यांत एक कवन पुरे मिळाले, दुसरे अर्धे. त्या अर्ध्याचा शेवट आता कोणालाच ठाऊक नाही. तो वडिलांबरोबर गेला. गुरुजींनी वहीत त्यापुढची तीन पाने कोरी सोडली आहेत.

वाचकहो, थोर कोण याचा वाद आपण अवश्य घालावा. तो घालण्यात मौज आहे. पण आपल्या खेडेगावांच्या खडी गमतीला, दंडारीला, जात्यावरच्या गाण्यांना आजवर धावफलक नव्हता. या सुट्टीत मुलांना आजीआजोबांजवळ बसवा. हाती यंत्र असेल तर यंत्रात, नसेल तर शाळेच्या वहीत, जे ऐकू येईल ते उतरवून घ्या. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि साल खाली लिहावयास विसरू नका. कौल देणारे पुढे पुष्कळ येतील. त्यांच्यापुढे ठेवावयास काही उरले पाहिजे.