कुंपणावरची गोकर्ण

मागच्या महिन्यात भाचीकडे शहरात गेले होते. तिने मोठ्या कौतुकाने निळाशार चहा पुढे केला. वर लिंबू पिळलं, तर तो चक्क जांभळा-गुलाबी झाला! "मावशी, ही वाळलेली फुलं मागवावी लागतात. बरीच महाग मिळतात गं!"

पाहते तर काय, आपली गोकर्ण! आमच्या कॉलनीत साफसफाईच्या नावाखाली जी दरवर्षी कुंपणावरून ओरबाडली जाते, तीच. खरं सांगायचं तर, गेल्या वर्षी उपटणाऱ्यांत मीही होते.

मैत्रिणींनो, नर्सरीतून आणलेली शोभेची झाडं आपण जिवापाड जपतो, तरी ती माना टाकतात. गोकर्ण मात्र काही न मागता वर्षानुवर्षं देत राहते. देवाला रोज ताजी फुलं, गाई-शेळ्यांना चारा. शिवाय ती शेंगवर्गातली, त्यामुळे मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. फुकट मिळतं म्हणून किंमत नाही, अगदी आपल्या घरकामासारखंच!

लावायला सोपी आहे. वाळून तपकिरी झालेल्या शेंगेतलं बी घ्या. कवच टणक असतं, म्हणून पॉलिशपेपरवर हलकेच घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला. पावसाळ्याच्या तोंडाशी, भरपूर ऊन असेल तिथे, अर्ध्या पेराएवढं खोल टोचा. मूळ खोल जातं, तेव्हा शक्यतो कायमच्या जागीच लावा. आठ-पंधरा दिवसांत कोंब येतो. चढायला जाळी किंवा दोरी द्या. पाणी साचू देऊ नका. बहर ओसरला की छाटा, त्याच बुंध्यातून पुन्हा फुटते.

एक मात्र सांगते, चहा फक्त फुलांचा करायचा. बिया आणि मुळं रेचक असतात, त्यामुळे शेंगा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दिवस गेलेल्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चहा घेऊ नये. आणि 'सगळे रोग बरे होतात' असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

यंदा मी कुंपणाशी सहा बिया टोचल्या, चार उगवल्या. साफसफाईवाल्यांना बजावून ठेवलंय, "या वेलीला हात लावायचा नाही!" गेल्या वर्षीची चूक एवढ्याने भरून निघेल की नाही, ठाऊक नाही. पण हळदीकुंकवाला यंदा प्लॅस्टिकचे डबे न लुटता गोकर्णीच्या बिया लुटायचं ठरवलंय. तुम्ही काय लुटणार?